थोरल्याला भेटायला निघालेली चाकं

एप्रिल लागला की आमच्याकडे सगळ्यांच्या नाकाला आंब्याचा वास येतो. माझ्या नाकाला आधी रबराचा येतो. उन्हात तापलेल्या जाडजूड जुन्या टायरचा. त्याच्यामागून वेल्डिंगच्या धुराचा, मग पेटीत घालायच्या पेंढ्याचा, आणि सगळ्यात शेवटी हापूसचा. नाकालाही आपापली सवय लागते, त्याला काय करणार.

परवा चुलत पुतण्याचा मुलगा मुंबईहून आला तो अशीच एक उंच गाडी घेऊन. पिकअपच ती, पण तिची चाकं माझ्या कमरेला लागत होती आणि आत चढायला शिडीवजा पायरी. मी विचारलं, ही चढते तरी कुठं? म्हणाला, काल गणपतीपुळ्याला नेली होती. आता गणपतीपुळ्याला चांगली डांबरी सडक आहे, एस.टी. जाते, लग्नाची वऱ्हाडं जातात. तिथं एवढ्या चाकांचं काय काम, हे ओठांवर आलं होतं, पण गिळलं. पोरगा हौसेनं दाखवत होता. मी टायरवर हात ठेवला, गरम होता. आणि मला एकदम चाळीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. मोठ्या चाकांची मला भीती वाटते. ती कुणाच्या अंगावर जातील म्हणून नाही. ती माणसाला कुठं नेऊन पोचवतील ह्याची.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. मी तिशीची, गावातल्या मराठी शाळेत मास्तरीण, आणि घरातली एकटी सून. रत्नागिरीपासून एस.टी.नं तासाभरावर आमचं गाव. घर खाली व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याच्या काठी, आणि आंब्याची बाग वर सड्यावर. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, सगळा काळा-तांबडा कातळ. त्या कातळात माझ्या सासऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून टोपल्यांनी माती वाहून ते भरले आणि कलमं लावली. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तात्याच म्हणायची. साठेक झाडं, आणि प्रत्येक झाडाला नाव. पहिलं लावलेलं ते थोरला. शेजारशेजारची दोन ते जुळे. एका वर्षी फळ धरून दुसऱ्या वर्षी फुगून बसणारी ती रुसकी. आणि बांधावर होता फुकट्या.

फुकट्याची कथा अशी, की रोपवाटिकेवाल्यानं मोजणीत न धरता एक वाकडं कलम वर टाकलं होतं. टाकून कसं द्यायचं म्हणून तात्यांनी ते बांधाच्या फटीत खोचलं. त्याला ना खड्डा, ना खत, ना कधी हंडाभर पाणी. तरी ते जगलं आणि धरायलाही लागलं. तात्यांना मात्र त्याचा राग. "फुकटचं खाऊन वाढलंय," म्हणायचे, आणि जाता-येता त्याच्या बुंध्यावर काठी मारायचे. थोरल्याच्या बुंध्याला मात्र हात लावायचे, पाहुण्याच्या खांद्याला लावावा तसा. डोळे बांधा आणि फोड द्या, कुठल्या झाडाची ते सांगतो, ही त्यांची पैज होती. पैज मारायला कुणी पुढं यायचं नाही, कारण गावात सगळ्यांना ते खरंच वाटायचं. मलाही.

एका श्रावणात तात्या शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरले आणि खुबा मोडला. पाखाडी म्हणजे आमची डोंगर चढायची दगडी पायवाट. हाड जोडलं गेलं पण वाकडं. डॉक्टरांनी सांगितलं, काठी घेऊन घरातल्या घरात फिरतील, डोंगर विसरा. आणि त्यांना घरी आणून पंधरा दिवस झाले नसतील तोच वारा सुटला आणि थोरला मुळापासून उलथला. कातळातलं झाड ते, मुळं किती खोल जाणार? ह्यांनी सड्यावरून येऊन मला चुलीपाशी हळूच सांगितलं. माझे यजमान मुळातच कमी बोलायचे, त्या दिवशी एवढंच बोलले आणि घरामागच्या परड्यात जाऊन उभे राहिले. मी पेजेची वाटी घेऊन तात्यांकडे गेले. त्यांनी रात्रभर वारा ऐकला होता. विचारलं, थोरला उभा आहे ना गो?

मी होय म्हटलं. पेज गार होत होती, माणूस पडलेला होता, तोंडातून दुसरं काही निघेना. बरे झाले की सांगू, असं मनात म्हटलं. आणि मग काय, बरं होण्याचा दिवस कधीच उगवला नाही, किंवा उगवला तेव्हा मी तिकडं बघितलं नाही. खोटं बोलायला एक शब्द लागतो, खरं सांगायला मुहूर्त लागतो.

पुढच्या एप्रिलला तात्यांनी थोरल्याचे आंबे मागितले. मी चंद्राला बोलावलं. चंद्रा म्हणजे पेट्या डोक्यावरून सड्याखाली आणणाऱ्या बायकांची म्होरकी, माझ्याच वयाची, काटक आणि तोंडाची तिखट. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, बांधावरच्याचे आणा, ते गोड असतात, कुणाला कळणार नाही. तिनंच निवडून दिले. आठ दिवसांनी आढीतून काढून मी फोडी केल्या आणि तात्यांपुढं ठेवल्या. त्यांनी आधी वास घेतला, डोळे मिटून एक फोड खाल्ली. आणि म्हणाले, ह्याला म्हणतात आंबा, तो फुकट्या शंभर वर्षं जगला तरी असा रस धरायचा नाही. चंद्रानं पदर तोंडावर घेतला. मी जमिनीकडे बघत राहिले. त्या वेळी थोडं हसूही आलं होतं, खोटं कशाला सांगू. असे तीन हंगाम गेले, दर वर्षी तीच फोड आणि तीच वाहवा, आणि दर वर्षी हसू कमी होत गेलं.

तशात ही गाडी आली. ह्यांनी रत्नागिरीहून एक जुनी जीप घेतली. तिचं मागचं छप्पर कापून कुणीतरी लाकडी हौदा बसवला होता, म्हणून आम्ही तिला पिकअप म्हणायचो. हेतू सरळ होता. बायकांच्या डोक्यावरून उतरताना पेट्या हिंदकळतात, फळाला मार लागतो. चिरेखाणीचा एक जुना रस्ता सड्यावर जायचा, त्यानं गाडी वर नेता आली तर आंबा झाडाखालून थेट सडकेवर. पण रस्ता म्हणजे नावालाच. अर्ध्यावर पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओहोळ, आडवा येतो आणि त्याच्यापुढं कातळाच्या पायऱ्या. पहिल्याच दिवशी गाडीचं पोट दगडावर बसलं. चारी चाकं फिरतायत आणि गाडी कासवासारखी जागच्या जागी.

मग आले इस्माईलभाई. तालुक्याच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. शिमगा नुकताच आटोपला होता. त्यांनी आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, गोणपाट अंथरलं, त्यावर उताणे झोपून गाडीखाली सरकले, आणि तिथूनच व्याख्यान दिलं. त्यांचं म्हणणं असं: लोक म्हणतात चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीचे पाटे वाढवा, गाडी उंच होईल. होते, पण तिचं फक्त अंग उचलतं. दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा असतो, तो आहे तिथंच राहतो, आणि दगडावर आपटतो तो गोळाच. गोळा उचलायचा तर चाकच मोठं पाहिजे. आणि चाक मोठं घातलं की ते मडगार्डला घासणार, म्हणून मग अंगही उचलायला पाहिजे. म्हणजे एक करायला गेलं की दुसरं आलंच. मला ते ऐकून माझंच प्रकरण कुणीतरी समजावून सांगतंय असं वाटलं.

तात्या पडवीत खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते. काठी आपटून म्हणाले, "गाडी वर चढली तर मी पण येणार. थोरल्याला बघून साडेतीन वर्षं झाली."

इस्माईलभाई गाडीखाली होते, त्यांना काही ठाऊकच नव्हतं, ते तिथून खुशीत म्हणाले, नेणार तात्या, तुम्हाला पहिल्यांदा नेणार. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी पान्याकडे बघितलं. दुपारी मी विचारलं, आता काय? हे म्हणाले, आधी गाडी चढू तर दे. पुरुषमाणसांचं हे एक बरं असतं, हातात पाना असला की बाकीचे प्रश्न उद्यावर जातात.

तेव्हापासून त्या गाडीची जी जी अडचण निघायची, ती माझी सुट्टी. मोठी चाकं आली, लष्कराच्या कुठल्याशा भंगारातली, टायरवर चिऱ्याच्या तुकड्याएवढाले उठाव. बघते तर मधल्या तबकडीला सहा भोकं आणि आमच्या गाडीला पाचच बोल्ट. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना गूळ घालून चहा केला. पण इस्माईलभाईंनी जुन्या चाकांच्या मधल्या तबकड्या कापल्या, मोठ्या चाकांत वेल्डिंगनं बसवल्या आणि ती चाकं दोरी धरून फिरवून बघितली, जरा कुठं वाकडी फिरली की पुन्हा ठोकली. माझी सुट्टी आठ दिवसांत संपली. मग मागेपुढे दोन-दोन पाटे वाढवले. पाटे आवळणारे जुने यू-बोल्ट त्याला अपुरे पडले. नवे रत्नागिरीत मिळेनात, तेव्हा आणखी चार दिवस गेले. रोज शाळेतून येताना मी लांबूनच बघायची, चाकं काढलेली गाडी अजून ओंडक्यांवर उभी आहे ना. उभी असली की पाऊल हलकं पडायचं. ज्या माणसानं मला लेकीसारखं वागवलं, त्याची वाट अडलेली बघून मला बरं वाटत होतं. त्याची लाज मला आजही आहे.

दोनदा सांगायला गेले. एकदा तात्या झोपले होते. दुसऱ्यांदा जागे होते, चाकापाशी खुर्ची नेऊन बसले होते आणि टायरच्या खाचांतली माती काडीनं कोरत होते. मला म्हणाले, माझ्या मातीच्या टोपल्या वर नेल्या तेव्हा हे असतं तर! एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा असा मोकळा मी बघितला नव्हता. मी त्यांना पाणी दिलं आणि परत फिरले.

गाडी ओंडक्यांवरून उतरली त्या सकाळी नारळ ठेवला आणि तात्यांनीच गाऱ्हाणं घातलं. खुर्चीवरून, पण जुन्या खणखणीत आवाजात. बा ग्रामदेवते, बा सड्याच्या राखणदारा, माझ्या लेकानं नवी चाकं लावून ही गाडी उभी केलीय, ती सड्यावर जाऊ दे, जे कोण आडवं येत असेल त्याला बाजूला कर रे महाराजा. सगळे एका सुरात "होय महाराजा" म्हणाले. मी तोंड मिटून उभी होते. आडवी मीच येत होते, होय कुठल्या तोंडानं म्हणणार?

गाडी चढली. पऱ्या ओलांडला, पायऱ्या चढल्या, वरून भोंगा वाजला तो खाली ऐकू आला. परत येताना मात्र गंमत झाली. ह्यांनी आधी घरी चिरे भरून गाडी सरळ चालवून बघितली होती, आणि रिकामी गाडी वळवूनही बघितली होती. भरलेली गाडी वळवून कुणी बघितलीच नव्हती. पेट्या भरल्यावर पाटे दबले, आणि पहिल्याच वळणावर टायर मडगार्डला असा घासला की जळक्या रबराचा वास सगळ्या पेंढ्यात बसला. त्या खेपेचे आंबे आम्ही घरीच खाल्ले, कोयीपर्यंत रबर लागत होतं. इस्माईलभाई डोक्याला हात लावून बसले आणि मग छिन्नीनं मडगार्डची कड कापून काढली.

दुसरा घोळ त्याहून मोठा. सगळ्यांनी गाडीखालच्या दगडाचा विचार केला, गाडीत पेटी कोण चढवणार ह्याचा कुणीच केला नाही. हौद्याचा मागचा फाळका आता चंद्राच्या कपाळाला लागत होता. डोक्यावरची पेटी तिथं सरकवायची म्हणजे टाचा उंचावून, मान कडक करून. दोन पेट्या त्या दिवशी पडल्या. तात्याही त्याच आठवड्यात चढायला गेले. आधी स्टूल, मग स्टुलावर चौरंग. पाय काही उचलेना. हे म्हणाले, मी उचलून ठेवतो. तात्यांनी हात झटकला. मी काय पेटी आहे? असं म्हणून ते आत गेले आणि दोन दिवस पडवीत आले नाहीत. आणि मी, खरं सांगते, देवापुढं दिवा लावला. मग तात्यांच्या ताटातला भात दोन्ही वेळा तसाच परत आला, तेव्हा मला त्या दिव्याकडे बघवेना.

वाट काढली ती चंद्रानंच. ती ह्यांना म्हणाली, तुम्ही गाडी वर उचललीत, आता आम्हाला पण वर उचला. बंदरावर होडीला धक्का असतो की नाही? तसा चिऱ्यांचा धक्का बांधा, एका बाजूनं चढण ठेवा, आम्ही डोक्यावर पेटी घेऊन चालत थेट हौद्यात जातो. सड्यावर चिऱ्यांना काय तोटा? एका दिवसात धक्का उभा राहिला. तो बघून ह्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी, खळ्याच्या दगडी गडग्याला लागून, तसाच दुसरा बांधला. रुंद पायऱ्या, हाताला धरायला बांबू. तात्या आतून बघत होते. मीही बघत होते. चिरा चिऱ्यावर बसत होता आणि माझ्या सगळ्या सुट्ट्या संपत होत्या.

चंद्रा जाताना माझ्यापाशी थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वैनी, आता गाडी सांगायच्या आधी तुमी सांगा."

मी नाही सांगितलं. सकाळी तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, काठी टेकत टेकत धक्का चढले आणि कुणाचा हात न धरता हौद्यात पाऊल ठेवलं. खुर्ची दोरीनं बांधली होती, तिच्यावर बसले. मी शेजारी खुर्ची धरून उभी राहिले. वाटभर सांगते सांगते म्हणत होते, पण पहिल्या गिअरमध्ये ती गाडी असली ओरडायची की ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. पऱ्याशी तात्यांनी वाकून चाक बघितलं, दगडावरून ते कसं अलगद चढतंय ते, आणि माझ्याकडे बघून हसले.

सड्यावर आलो. करवंदांच्या जाळ्या, वाळलेलं गवत, लांबवर समुद्राची रेघ. तात्या झाडं मोजत होते. जुळे, रुसकी. मग त्यांनी काठी उचलून पुढं केली आणि ती तशीच राहिली. थोरल्याच्या जागी आभाळ दिसत होतं. ह्यांनी गाडी थांबवली, उतरले, आणि चाकाचे नट तपासायला बसले. नट घट्टच होते.

"कवा?" तात्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तुम्ही अंथरुणाला होतात तेव्हा, त्याच पावसात. मीच खोटं बोलले, ह्यांचा दोष नाही.

त्यांनी मान हलवली. झाड गेल्याचं दुःख त्यांनी तिथल्या तिथं गिळलं. झाड जातं, हे बागायतदाराला शिकवावं लागत नाही. पण ते गिळून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलायला लागला, आणि मला कळलं की मला इतके दिवस भीती होती ती ह्याची.

"मग मी खाल्ले ते कुठले?"

"फुकट्याचे," मी म्हटलं.

धक्क्यापाशी पेट्या भरणाऱ्या बायकांनी माना वळवून बघितलं. तात्यांचे कान लाल झाले. आयुष्यभर ज्या जिभेवर पैज लावली ती जीभ तीन वर्षं सगळ्या घरादेखत फसत होती, आणि आम्ही बघत होतो. थोरला पडला तेव्हा त्याला निदान वारा तरी लागला होता. तात्यांना मी बसल्या जागी पाडलं होतं. मी रडायला लागले. माफ करा म्हणायचं होतं, तेही धड जमलं नाही.

तात्यांनी काठी सावरली. मग म्हणाले, उतरव मला. चंद्राच्या धक्क्यावरून ते उतरले. काठी एका हातात, दुसरा हात माझ्या खांद्यावर. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तो जड होता. थोरल्याच्या खड्ड्यापाशी ते थांबतील असं मला वाटलं, पण थांबले नाहीत. बांधाकडे चालत राहिले. वाऱ्यानं एका अंगाला कललेला फुकट्या फांदीफांदीला लगडला होता, त्या वर्षी बागेत सगळ्यात जास्त. तात्यांनी काठी बांधाला टेकवून ठेवली आणि रिकाम्या हाताचा पंजा त्याच्या बुंध्यावर ठेवला. हाताला लागणारा एक आंबा देठासकट खुडला. वास घेतला नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

"सूनबाय," ते झाडाकडे बघतच म्हणाले, "फुढल्या साली पण मला ह्याचेच आणून दे. पण फुकट्याचे म्हणून दे."